जुड्या उरतात तेव्हा: पालेभाजी साठवणुकीच्या प्रकल्प नोंदी

जुन्नर तालुक्यात मेथी-कोथिंबिरीचे व्यवहार शेकड्यावर होतात. थंडी पडली, सगळ्यांचे वाफे एकदम काढणीला आले की शंभर जुड्यांचा भाव इतका खाली येतो की काढणीची मजुरी आणि टेम्पोभाडे वजा जाता हाती काही राहत नाही. अशा उरलेल्या मालाचे काय करायचे, याच्या आमच्या गटाच्या या नोंदी आहेत. साधने बेताचीच: ३०० लिटरचा फ्रीजर, ४ चौरस मीटर ट्रेची सौर वाळवणी पेटी, वजनकाटा, तापमापक, आम्लता मोजायच्या पीएच पट्ट्या, मोठी पातेली, सुती पंचे आणि जुन्या साड्या.

४ डिसेंबर. आवक आणि निवड

मेथी ६० जुड्या, वजन १९.२ किलो. मुळे, माती, पिवळी पाने, जाड देठ गेल्यावर १०.८ किलो उरली. पालक आणि कोथिंबीर संध्याकाळी आली.

माल उतरला की पहिले काम जुड्या सोडायचे. पाने काढल्यावरही श्वसन करत असतात, त्यामुळे घट्ट बांधलेली जुडी आतून तापते. मधोमध बोटे घातली की ऊब सरळ हाताला लागते. रात्रभर तशीच राहिली तर बाहेरची पाने हिरवीगार आणि आतली पिवळी, चिकट निघतात. सोडलेल्या जुड्या पसरून, ओल्या गोणपाटाखाली.

निवडायचा वेग: एका माणसाच्या हातून तासाला सव्वा किलो मेथीची पाने, फार तर दीड. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर बसवायचा. वाळवणी पेटी मोठी घेतली तरी पाने खुडणारे हात तेवढेच असतील तर ट्रे रिकामे राहतात. पालक त्या मानाने सोपा, देठासकट चालतो. कोथिंबीर त्याहून सोपी.

धुणे तीन पाण्यांत. घमेल्यात पाणी भरपूर घ्यायचे, पाने हाताने हलवून वर उचलून दुसऱ्या घमेल्यात टाकायची. घमेले तिरके करून पाणी ओतले तर तळाची वाळू परत पानांवरच बसते. तिसऱ्या पाण्याच्या तळाला बोट फिरवून कचकच लागली तर चौथे पाणी. नंतर पाने साडीत बांधून गाठोडे अंगणात गरगर फिरवायचे. पंख्याखाली दोन तास ठेवून जेवढे पाणी जाते तेवढे यात दोन मिनिटांत जाते.

५ डिसेंबर. मेथी वाळवणे

मेथीला ब्लांचिंग, म्हणजे उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून लगेच गार करणे, नाही. गरम पाण्यात कडवटपणा आणि वास दोन्ही उतरतात, आणि सुक्या मेथीत हवे असते ते तेच.

तीन वाटण्या केल्या: ४ किलो खोलीत, सावलीत, वारा खेळेल अशी, ४ किलो सौर पेटीत, अर्धा किलो मुद्दाम उघड्या उन्हात, ताडून बघायला. बाकीची गटातल्या घरांना ताजी दिली.

ट्रेवर चौरस मीटरला २ किलो, त्याहून जाड थर नको. पेटीचे तापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअस. दुपारी एकच्या सुमारास ते ६०च्या वर जाते, म्हणून वरची झडप अकरालाच पूर्ण उघडायची. ओल्या पानाला सुरुवातीलाच जास्त आच लागली तर पान वाळण्याऐवजी शिजते आणि काळे पडते. शेवटच्या तासात ५५ चालतात.

पेटीतली संध्याकाळी पाचला तयार. ४ किलोचे ५५० ग्रॅम.

७ डिसेंबर. तुलना

सावलीतल्या मेथीला तीन दिवस लागले. वजन जवळजवळ तेवढेच, रंग सर्वांत गडद, वासही सर्वांत चांगला. पेटीतली जरा फिकी. उन्हातली गवती पिवळी, वास वाळलेल्या चाऱ्याकडे झुकणारा. थेट उन्हात हरितद्रव्य विरते आणि कॅरोटीनचाही मोठा भाग जातो. उन्हातच वाळवणे भाग असेल तर वरून पातळ काळे कापड, पानांना न टेकणारे.

वाळली की नाही हे पानावरून ठरवू नये, पान लवकर कुरकुरीत होते. देठ मोडून बघायचा. कट्ट आवाज करून तुटला तर तयार, वाकला तर ट्रे परत आत. असे चार-दोन देठ डब्यात गेले की त्यांचा ओलावा सगळ्या डब्याला लागतो आणि महिनाभरात बुरशी.

एक गोष्ट स्पष्ट असावी: ही कसुरी मेथी नव्हे. राजस्थानात नागौरकडे होणारी कसुरी मेथी ही वेगळी जात, पान बारीक आणि सुगंध मुळातच तीव्र. आपल्या वाफ्यातली मेथी कशीही वाळवली तरी तो वास येणार नाही. पाकिटावर ‘सुकी मेथी’ एवढेच लिहायचे. ठेपल्यात, पिठल्यात, डाळमेथीत ती उत्तम लागते.

८ डिसेंबर. पालक, फ्रीजरसाठी

पालक वाळवण्यात अर्थ नाही. शंभर ग्रॅममध्ये नव्वदीच्या वर पाणी. एक किलोतून जेमतेम ९० ते १०० ग्रॅम पूड निघते आणि तिला चव अशी नसते. पालकाची जागा फ्रीजर.

पाणी ८ लिटर, एका वेळी पाने ५०० ग्रॅम. हे प्रमाण उधळपट्टीचे वाटते, पण नेमके इथेच बिघडते. पाने टाकल्यावर पाणी मिनिटभरात परत उकळले पाहिजे. तेवढ्याच पाण्यात दीड किलो कोंबला तर पाणी बराच वेळ परत उकळतच नाही, पाने गळतात आणि आतली रंग-चव बिघडवणारी विकरे (एन्झाइम) मात्र पुरती मरत नाहीत. उलट पेशी फुटल्याने त्यांचे काम जोरात सुरू होते. अर्धवट ब्लांचिंगपेक्षा न केलेले बरे म्हणतात ते यासाठी.

पुन्हा उकळी आल्यापासून २ मिनिटे. झाकण नाही. पालकातली सेंद्रिय आम्ले उष्णतेने सुटी होतात, हरितद्रव्यातला मॅग्नेशियम बाहेर पडतो आणि रंग शेवाळी होतो. पातेले उघडे असले की उडून जाणारी आम्ले वाफेबरोबर निघून जातात. झाऱ्याने काढून लगेच बर्फाच्या पाण्यात, तेही २ मिनिटे. बर्फ पानांच्या वजनाइतका तरी हवा.

चिमूटभर सोडा टाकून एक घाणा काढला. रंग हॉटेलातल्या पालक पनीरसारखा झाला यात वाद नाही. पण पान हातात चिकट, पिळताना लगदा. शिवाय सोड्याने थायमिन (ब१ जीवनसत्त्व) आणि क जीवनसत्त्व जास्त जाते. सोडा बंद. पाणी भरपूर आणि वेळ अचूक असेल तर रंगासाठी त्याची गरज पडत नाही.

पिळून गोळे केले. १० किलो पालकाचे ५.५ किलो गोळे. फार करकचून पिळू नये, पान चोथट होते. पिशवीत २५० ग्रॅम, हाताने दाबून चपटे, हवा काढून, वर तारीख. चपटी पिशवी लवकर गोठते, लवकर सुटते, आणि पुस्तकांसारखी उभी रचता येते.

९ डिसेंबर. फ्रीजरची मर्यादा

३०० लिटरच्या फ्रीजरमध्ये एका दिवसात १४ किलोंपेक्षा जास्त न गोठलेला माल टाकायचा नाही. जास्त टाकला तर सगळेच हळूहळू गोठते, बर्फाचे स्फटिक मोठे होतात, आणि सुटल्यावर भाजीखाली पाण्याचे थारोळे. तापमान उणे १८ राखायचे.

वीज गेली तर झाकण उघडायचे नाही. पूर्ण भरलेला फ्रीजर न उघडता ४८ तासांपर्यंत गोठलेला राहतो, अर्धा भरलेला २४. म्हणून रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरली. मीठपाणी नको, साधेच.

१२ डिसेंबर. कोथिंबीर

कोथिंबीर वाळवायची नाही. तिचा वास ज्या अल्डिहाइडांचा, ती वाळताना उडून जातात. डब्यात हिरवा चुरा राहतो, वासाला काही नाही. बाजारात अशी पाकिटे मिळतात, ती सजावटीला.

ताजीच ठेवायची ती दोन ते तीन आठवडे नीट राहते: न धुता, मुळे छाटून, पिवळे-काळे पान एकही न ठेवता, कागदात सैल गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. कागद ओलसर झाला की बदलायचा. केळी, टोमॅटो, सफरचंद त्याच कप्प्यात नकोत. पिकणाऱ्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने पाने पिवळी पडतात.

वाटण: कोथिंबीर कोवळ्या देठांसह १ किलो, हिरवी मिरची १५० ग्रॅम, आले ५०, मीठ २०, लिंबाचा रस ६० मिलि. पाणी जवळपास नाहीच. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून खडे पिशवीत. ओले खोबरे यात घालू नये; गोठून सुटले की ते पाणी सोडते आणि दाणेदार लागते. चटणी करताना ताजे खवून घालावे. देठांत वास पानांपेक्षा कमी नसतो, ते फेकू नयेत.

वडीसाठी: बारीक चिरलेली कोथिंबीर १ किलो, बेसन ७०० ग्रॅम, तांदळाचे पीठ १००, तीळ, तिखट, हळद, ओवा, मीठ. मीठ कोथिंबिरीला लागले की पाणी सुटते, म्हणून मीठ आणि पीठ एकदमच, आणि मळून लगेच वळायचे. दहा मिनिटे पडून राहिले की पीठ सैल होते, मग आणखी बेसन, मग घट्ट दडस वडी. उंडा ५ सेंमी जाडीचा, चाळणीला तेल, २० ते २५ मिनिटे वाफ. पूर्ण गार झाल्यावर न कापता गोठवायचे. दोन महिने चव उतरत नाही. तळायच्या आधी अर्धवट सुटू द्यायचे, त्या अवस्थेत सुरी सरळ जाते आणि काप कडांना फुटत नाहीत.

खबरदारी, जाड अक्षरांत भिंतीवर लावली आहे: कोथिंबीर-लसणाचे वाटण तेलात बुडवून बाहेर ठेवायचे नाही. तेलाखाली हवा पोचत नाही, आम्लता कमी, आणि तीच परिस्थिती जीवघेणे विष तयार करणाऱ्या बोटुलिनमच्या जंतूला लागते. वासावरून, चवीवरून ते कळत नाही. याच कारणाने पालकाच्या बाटल्या नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून बंद करण्याचा विचार सोडला. कमी आम्लाच्या भाजीला १२१ अंशांचे दाबयंत्र लागते, आपल्याकडे ते नाही.

१५ डिसेंबर. विटांचा थंड कक्ष

दिल्लीच्या पूसा संस्थेने (भारतीय कृषी संशोधन संस्था) १९८०च्या दशकात मांडलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष. विटांच्या दोन भिंती, मध्ये ७.५ सेंमी फट, फटीत वाळू, वर वाळ्याचे किंवा गोणपाटाचे झाकण, सकाळ-संध्याकाळ पाणी. मूळ आराखडा १६५ × ११५ सेंमी आणि उंची ६७.५ सेंमी. उन्हाळ्यात आत १० ते १५ अंशांचा फरक पडतो. डिसेंबरात फरक कमी, पण आतला ओलावा ९० टक्क्यांच्या आसपास राहतो आणि पाने माना टाकत नाहीत. निवडायला माणसे दुसऱ्या दिवशी येणार असतील तर एवढे पुरते. सावली मात्र हवी, आणि आत धुतलेली भाजी ठेवायची नाही. ओल्या पानांवर सड लवकर धरते.

२३ डिसेंबर. हरभऱ्याचा पाला

शेंडे खुडायची वेळ. पेरणीपासून महिना-सव्वा महिना, फुले यायच्या आत. खुडल्याने झाडाला फांद्या फुटतात, म्हणजे हा माल पिकाचे नुकसान न करता मिळतो. फुले लागल्यावर खुडू नये, पानही निबर होते.

ही भाजी न धुता वाळवतात. पानांवरची आंब, म्हणजे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांचा खार, हीच तिची चव. धुतली की गेली. खुडणाऱ्याची बोटे संध्याकाळपर्यंत चरचरतात ती याच खाराने. पण न धुता खायची म्हटल्यावर एक अट येते: घाटेअळीसाठी फवारणी झालेल्या वावरातला पाला घ्यायचा नाही. ‘फवारून बरेच दिवस झाले’ हे उत्तर चालत नाही. दोन वावरांचा पाला त्यासाठी नाकारला.

दव उडाल्यावर, दहा-अकराला खुडणी. धोतरावर पातळ पसरून सावलीत दोन-तीन दिवस. ६ किलो ओल्या पाल्याचे १.४५ किलो सुके. मेथीच्या दुपटीच्या आसपास उतारा, कारण या पानात पाणीच कमी, पाऊणच्या आसपास. वाळल्यावर हाताने चुरून चाळायचे, काड्या बाहेर. काड्या शिजत नाहीत आणि दातांत अडकतात.

करायची रीत पाकिटात चिठ्ठी म्हणून घातली आहे. ३० ग्रॅम चुरा दीड पेला पाण्यात शिजवायचा, दोन चमचे बेसन किंवा ज्वारीचे पीठ थोड्या पाण्यात कालवून लावायचे, रवीने हाटायचे. वरून भरपूर लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी. मीठ शेवटी, चाखून. आंबेमुळे अंदाज चुकतो. ज्वारीची भाकरी.

३ जानेवारी. अंबाडी, तेलात

अंबाडी मुळातच आंबट, त्यामुळे तेलातली चटणी हिलाच शोभते. कोथिंबिरीला जी बंदी आहे ती इथे नाही, पण मोजून.

पाने २ किलो, धुऊन रात्रभर पंख्याखाली, पाण्याचा टिपूस नको. स्टीलची कढई, अॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचे पितळ नको, आम्ल धातू ओढते. शेंगदाणा तेल ४०० मिलि, पाने थोडी थोडी घालून मंद आचेवर परतायची, गोळा कढईला न चिकटता तेल कडेने सुटेपर्यंत. साधारण ४० मिनिटे, आणि घाई इथे महागात पडते: पाणी राहिले की पंधरा दिवसांत वर पांढरी बुरशी. मग तिखट १०० ग्रॅम, मीठ ९०, भाजलेल्या मेथीदाण्यांची पूड २०, लालसर तळलेला लसूण. हाती १.३ किलो. पीएच पट्टी ३.५च्या खाली. सुरक्षिततेची रेषा ४.६ आहे, तिच्या खालीच राहायचे, म्हणून प्रत्येक घाण्याची पट्टी घेऊन वहीत चिकटवायची. बरणी कोरडी, वर बोटभर तेल, चमचा कोरडा.

१० जानेवारी. मेथीचे सांडगे

मुगाची डाळ २ किलो, चार तास भिजवून, पूर्ण निथळून, पाणी न घालता भरड वाटली. मेथी चिरून ६०० ग्रॅम, हिरवी मिरची, जिरे, हिंग, मीठ ४० ग्रॅम. सुपारीएवढे सांडगे तेल लावलेल्या स्टीलच्या परातींत. प्लॅस्टिकवर घातले तर खालून घाम धरतो. इथे उघडे ऊन चालते, रंगापेक्षा खटखटीतपणा महत्त्वाचा.

दुसऱ्या दिवशी मळभ आले. अर्धवट ओले सांडगे ढगाळ हवेत ठेवले तर आंबूस वास धरतात, नंतर कितीही ऊन दिले तरी जात नाही. सगळ्या पराती सौर पेटीत, झडप पूर्ण उघडी. ऊन नसले तरी आत बाहेरच्यापेक्षा बरे. एक सांडगा फोडून आत ओलसर ठिपका दिसेना तेव्हा भरले. २.१ किलो. यात मेथी खपते तशी दुसऱ्या कशातच नाही, कारण पाने बारीक निवडावी लागत नाहीत, कोवळे देठही जातात.

१८ जानेवारी. मुळ्याचा पाला

हा पाला सहसा गुरांपुढे जातो. नेपाळ-सिक्कीममधल्या गुंद्रुकच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याच्या, रीतीने केला: ५ किलो पाला एक दिवस मरगळू दिला, ठेचला, बरणीत मुठीने दाबून हवा काढली, वर दगड. मीठ नाही. लॅक्टिक जंतू आपोआप काम करतात, आठवडाभरात आंबट वास. नंतर उन्हात वाळवून ४२० ग्रॅम. दाबण्यात कसर राहिली तर वरचा थर काळा पडतो, तो काढून टाकावा लागतो. वास उग्र, सगळ्यांना रुचेल असा नाही. आमटीत चिंचेच्या जागी मूठभर मात्र छान लागते. विक्रीचा माल नव्हे.

२० फेब्रुवारी. साठ्याची तपासणी

सुक्या मालाला डब्यात भरल्यावर आठवडाभर रोज हलवले होते, म्हणजे कमी-जास्त वाळलेली पाने आपसांत ओलावा वाटून घेतात. काचेच्या बरण्यांच्या आत कुठेही दव नाही. पातळ पिशव्यांतली मेथी मऊ पडली आहे, बरणीतली कुरकुरीत. पिशवी जाड, उष्णतेने बंद केलेली हवी, आणि साठा अंधारात. खिडकीजवळच्या बरणीची उजेडाकडची बाजू फिकी झाली आहे. मऊ पडलेली मेथी पेटीत तासभर ठेवून परत भरली.

तुलनेसाठी ४५ सेकंदच ब्लांच केलेल्या पालकाची पिशवी उघडली. वाळल्या गवताचा वास, रंग मळका. दोन मिनिटांचा पालक स्वच्छ.

पुढच्या हंगामासाठी वाफ्यांचे वेळापत्रक बदलले. मेथी एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने पट्टे. महिन्याभरात काढणीला येते, म्हणजे एका वेळी ४० जुड्यांच्या आतच आवक, आणि तेवढी चार माणसांत एका सकाळी निवडून होते. पालक फ्रीजरच्या १४ किलोंच्या हिशेबाने. कोथिंबिरीचा पट्टा कमी केला, हरभऱ्याच्या न फवारलेल्या वावरांची यादी आत्ताच करायला घेतली आहे.